तिसऱ्या दिवशीचे सात

४ जानेवारी

दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. हे पत्र तिने तुझ्याआधी फोडलं असेल तरी माझी हरकत नाही, ती फोडतेच.

मला वॉर्डातून काढलं. दचकू नकोस, नोकरी शाबूत आहे. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून बारा-बारा तास उभं राहणं जमेना, ते मेट्रनबाईंनी पाहिलं आणि मला मोठ्या डॉक्टरांच्या एका पाहणीला जुंपलं. आता मी स्टुलावर बसून पेशंटना प्रश्न विचारते. तीस वर्षं त्यांनी मला उठवलं, आता मी त्यांच्यापुढे बसते, एवढाच काय तो सूड.

काम असं आहे. आयसीयूतून माणूस साध्या वॉर्डात आला की घरचे सुटलो म्हणतात. खाटेवरच्या माणसाचं मात्र उलटं होतं. आत एका खाटेला एक नर्स, डोक्याशी यंत्र, सतत कुणाची तरी नजर. बाहेर तीस खाटांना आम्ही दोघी, त्यातली एक औषधांच्या कपाटाशी. परवा एक दणकट बसड्रायव्हर बाहेर आणला. झोपेतच हलवला होता, कुणी सांगितलंच नव्हतं. जाग आली तर छत वेगळं. तासभर रडला बिचारा, आणि बायकोला म्हणाला डोळ्यांत औषध घातलंय.

तर हा जो ताण येतो तो मोजायचा. वीस प्रश्न आहेत. आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं वाटतं का, झोप लागते का, हाक मारली तर कुणी येईल याची खात्री वाटते का, असे. प्रत्येकाला शून्य ते चार. शून्य म्हणजे अजिबात त्रास नाही, चार म्हणजे सहन होत नाही. वॉर्डात आल्यावर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी विचारायचं. ऐंशीपैकी किती, ते लिहायचं.

तुझा जन्म वजनमापं तपासण्यात गेला, म्हणून कोरा कागद सोबत पाठवते. नावं ठेव, पण जरा जपून.

तुझी,
बारकी

१५ जानेवारी

चि. बारकीस,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहून शाई कशाला घालवू.

तुझा कागद वाचला. तुझ्या वहिनीने आधी वाचला, हे तू ओळखलंच आहेस. ती म्हणाली, हे प्रश्न लग्नानंतर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी बायकांना विचारायला हवेत. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आता माझं म्हणणं. मी दुकानात शिरतो तेव्हा पहिल्यांदा रिकामी तागडी बघतो. पारडी समान नसतील आणि दुकानदाराने खाली पासंग चिकटवला असेल, तर पुढची सगळी मापं खोटी. तुझ्या माणसाची रिकामी तागडी तू कधी पाहिलीस? तो घरी असतानाही त्याला झोप लागत नसेल तर? दुसरं म्हणजे दुकानदाराला मी कधीच सांगत नाही की काटा कुठे थांबायला हवा. सांगितलं की तो तिथेच थांबतो. तुझ्या पेशंटला माहीत आहे का, किती आकडा आला तर बरा?

रागावू नकोस. चौतीस वर्षं शिक्के मारून माणसाची नजर संशयी होते. घरी डाळ शिजली की नाही हेही मी दोनदा बघतो, म्हणून मला स्वयंपाकघरात बंदी आहे.

इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीला खोकला झालाय, जरा चिवट आहे. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणते, तुमचं आपलं काहीतरीच.

दादा

२ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या शंका मोठ्या डॉक्टरांना सांगितल्या. हसले आणि म्हणाले, तुमच्या बंधूंना इथे बोलवा, आमचे वजनकाटे तरी तपासून देतील.

पण खरं सांगू, आकडे इतके छान येताहेत की मलाच नवल वाटतं. साठ पेशंट झाले. पहिल्या दिवशी चाळीस-पंचेचाळीस, दुसऱ्या दिवशी पंचवीसच्या आसपास, तिसऱ्या दिवशी दहा-बारा. तक्ता काढला तर घसरगुंडी दिसते. डॉक्टरांचं म्हणणं, याचा अर्थ माणूस तीन दिवसांत रुळतो, आणि मग नातेवाइकांनी दिवसरात्र खाटेशी बसून गर्दी करण्याची गरज नाही. तसा नियम करायचं चाललंय. तिसऱ्या दिवशी वीसच्या आत आकडा आला की सोबतीचा पास बंद. वॉर्डातल्या पोरी खूश आहेत, पायांत माणसं कमी घुटमळतील.

सगळ्यांत कमी आकडा अकरा नंबरच्या मास्तरांचा. निवृत्त शिक्षक, एकटेच, एक सून येऊन जाऊन असते. तिसऱ्या दिवशी ऐंशीपैकी चार. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही पहिले आलात. तेवढं ऐकून कसनुसं हसले.

वहिनीच्या खोकल्याचं काय झालं? तिला म्हणावं, नणंद नर्स असून काय उपयोग, नणंदेचं ऐकावं लागतं.

बारकी

२० फेब्रुवारी

चि. बारकी,

फोनवर तुला सगळं कळलंच आहे. मुद्दाम पत्र लिहितोय, कारण फोनवर तू धीर देतेस. कागदावर तू खरं लिहितेस, लहानपणापासून. चोरून साखर खाल्ली की तोंडाने नाही म्हणायचीस आणि पाटीवर लिहून द्यायचीस.

तर नऊ दिवस तुझी वहिनी आयसीयूत होती. छातीत पाणी, घशात नळी, मला दिवसातून दोनदा दहा मिनिटं काचेतून बघायला मिळायचं. सतरा तारखेला नळी निघाली, धोका टळला म्हणाले आणि वॉर्डात आणलं. खिडकीजवळची खाट मिळाली. शेजारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, पाय मोडून पडल्यात, पण तोंड चांगलं चालतं. तेवढीच सोबत.

आणि मग मला तुझा कागद आठवला. टेबलाच्या खणात होता. इथे असलं कुणी काही विचारत नाही, म्हटलं आपणच विचारू. रोज सकाळी अकराला, भेटीची वेळ सुरू झाली की, त्याच क्रमाने, त्याच आवाजात. पहिल्या दिवशी एकेचाळीस. दुसऱ्या दिवशी बावीस. आज सात.

तुझ्याच तक्त्यासारखी घसरगुंडी आहे. सात म्हणजे तुझ्या मास्तरांच्या जवळपास गेली की. त्या मास्तरांचं पुढे काय झालं? चार आकडा असलेला माणूस बघायला आवडेल मला.

आता मुद्दा. एक तारखेपासून पाच दिवस फिरती आहे, बाजाराच्या गावांतले काटे तपासायचेत. रजा मागितली तर मिळेल, साहेब वाईट नाही. डॉक्टर म्हणतात अजून दोन आठवडे तरी वॉर्डात ठेवावं लागेल. आम्हाला मूलबाळ नाही, मी गेलो तर तिच्याजवळ कुणी नाही. ती स्वतः म्हणते, जा, मी मजेत आहे. बारके, तू रोज हेच बघतेस. जाऊ का? तू म्हणशील तसं करेन. उत्तर कुरिअरने पाठव.

दादा

२४ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी वहिनीला माझ्यातर्फे पाठ थोपटून सांग की नळी निघाल्यानंतर तीन दिवसांत सातवर येणं सोपं नाही. आमच्या तक्त्यात ती वरच्या पाचांत बसली असती.

आकडे अगदी जसे यायला हवेत तसे आलेत. पहिल्या दिवशीचे एकेचाळीस बघून घाबरू नकोस, ते सगळ्यांचंच असतं. माणूस भेदरलेला असतो. मग रुळतो. आता औषधं वेळेवर मिळणं, थोडं थोडं चालणं, एवढंच राहिलं, आणि ते वॉर्डातल्या मुली बघतील. तू तिथे असलास तरी स्टुलावर बसून डाव्या-उजव्या पायाची अदलाबदल करण्यापलीकडे काय करणार? उलट तुझा चेहरा बघून तिलाच काळजी.

तेव्हा जा. निश्चिंत जा. पाच दिवस डोळे मिटून उघडेपर्यंत जातील. शिवणकाम करणाऱ्या बाईंना सांगून ठेव.

मास्तरांना घरी सोडलं. मजेत आहेत.

बारकी

१६ मार्च

चि. बारकी,

तू आलीस, दोन दिवस राहिलीस, भांडी घासलीस, कपाट लावलंस आणि गेलीस. घरात माणसं होती, बोलायला जागाही नव्हती. आता घर रिकामं आहे.

काल मी वॉर्डात गेलो होतो. तुझ्या वहिनीची शाल आणि चष्मा तिथल्या कपाटात राहिले होते, ते आणायला. खाटेवर दुसरी बाई होती. शिवणकाम करणाऱ्या बाई अजून तिथेच आहेत, पाय टांगलेला. त्यांनी मला बसवलं आणि म्हणाल्या, तुम्हाला सांगितलं नाही तर मला झोप लागायची नाही. जे सांगितलं ते तुला लिहितो.

मी गेल्यावर ती झोपलीच नाही. खाटेचा कठडा धरून पडून असायची. दर थोड्या वेळाने बाईंना विचारायची, "मी श्वास घेतेय ना?" आत असताना यंत्र सांगायचं. बाहेर कुणी सांगेना, म्हणून तिला स्वतःचा भरवसा वाटेना. बाई हो म्हणायच्या. घेताय हो, चांगला घेताय. मग तेवढ्यापुरती डोळे मिटायची. घंटी वाजवायला बाईंनी सांगितलं. पहिल्या दिवशी तिने तीनदा वाजवली होती, तेव्हा एक मुलगी म्हणाली होती, आजी, तुम्ही एकट्याच पेशंट नाही इथे. त्यानंतर तिने घंटीला हात लावला नाही. तुझी वहिनी तुला माहीत आहे. पाहुण्यांच्या घरी दुसऱ्यांदा पाणी मागायची नाही.

तीन तारखेला दुपारी बाईंना पायाचा फोटो काढायला खाली नेलं. दोनला नेलं, चारला आणलं. त्या आल्या तेव्हा चहाची गाडी तिच्या खाटेशी थांबलेली होती आणि चहावाली हाका मारत होती. डॉक्टर म्हणाले छातीत गुठळी झाली असावी, कुणी जवळ असतं आणि ओरडलं असतं तर कदाचित. कदाचित एवढंच म्हणाले.

आणखी एक आहे. ते लिहायला बसलो होतो, मघाशी उठून गेलो, आता परत आलोय. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी यायच्या आधी ती बाईंना विचारायची, "आज किती सांगू?" दोघी मिळून ठरवायच्या. बाई म्हणायच्या, काल बावीस झाले, आज दहाच्या आत आणू या, म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडेल. मग प्रश्न आठवून आठवून उत्तरं पाठ करायच्या. झोपेला एक, भुकेला एक, अगदी सगळी शून्यं नकोत, त्यांना संशय येईल. बाई हे सांगताना रडत होत्या. मला म्हणाल्या, मला वाटलं मी मदत करतेय.

तुझ्यावर माझा काही राग नाही. तू आकडे बघितलेस, आकडे चांगले होते. कुणाला तरी सांगायचं होतं, म्हणून लिहिलं.

दादा

२५ मार्च

दादा,

राग नाही असं लिहू नकोस. आधी हे वाच.

मास्तर घरी गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी चार आकडा दिला आणि चौथ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडले. जेवण परत पाठवायला लागले. मी गेले तेव्हा मला म्हणाले, "सिस्टर, जास्त सांगितलं तर परत आत नेतात ना?" त्यांना तसंच वाटत होतं. माझा कागद म्हणजे परीक्षा, नापास झालो की परत आत. मी सांगितलं, नाही हो मास्तर, तसं काही नाही. त्यांना ते पटलं नाही. सहाव्या दिवशी शुद्ध हरपली, मग खरोखरच आत न्यावं लागलं. दहा फेब्रुवारीला वारले. तुझं जाऊ का असं विचारणारं पत्र आलं तेव्हा त्यांना जाऊन दोन आठवडे झाले होते.

मी डॉक्टरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, एका माणसाने सरासरी हलत नाही. मग मी आणखी चौघांना पाहणी संपल्यावर सहज विचारलं, स्टुलावर न बसता, कागदाशिवाय. चौघांपैकी तिघे म्हणाले की कमी सांगितलं. एक म्हणाला सोबतीला बसलेल्या मुलाचा पगार कापला जातो म्हणून, एक म्हणाली तुम्ही रोज एवढ्या प्रेमाने विचारता, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. अहवाल टाइप होऊन गेला होता, त्यावर त्यांच्या नावाखाली बारीक अक्षरात माझंही नाव होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव कशावर तरी छापून येणार होतं. हे तुला सांगायची लाज वाटते, पण तेच खरं आहे.

तुझे एकेचाळीस, बावीस, सात बघितले तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. मला कळलं होतं, दादा. पूर्ण नाही, पण मास्तरांचे चार आठवले होते. वहिनी खोटं बोलतेय, जाऊ नकोस, असं लिहायचं तर माझी सगळी घसरगुंडीच खोटी आहे असं लिहावं लागलं असतं. मी मास्तर मजेत आहेत असं लिहिलं. तू म्हणतोस मी कागदावर खरं लिहिते.

परवा डॉक्टरांना सगळं सांगितलं, वहिनीचंही. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट वाटलं त्यांना, खोटं नाही सांगत. मग म्हणाले, पण त्या आपल्या पेशंट नव्हत्या, त्यांचे आकडे आपल्यात धरलेलेच नाहीत. नियम लागू झालाय. वॉर्डाच्या दाराशी पाटी लावली आहे. तिसऱ्या दिवसानंतर सोबत नाही. आणि मी अजून तेच काम करते, कारण वॉर्डात उभं राहायला गुडघे नाहीत आणि निवृत्तीला चार वर्षं आहेत. आता मला दिसतं, उत्तर देण्याआधी प्रत्येक जण माझ्या तोंडाकडे बघतो. आधीही बघत असणार.

मला माफ कर असं म्हणवत नाही, तरी म्हणते.

बारकी

९ एप्रिल

बारके,

तुझं पत्र बारा दिवस उशाशी होतं. तीनदा उत्तर लिहायला घेतलं आणि फाडलं. हेही फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे.

मास्तरांचं खरं कळवलं असतंस तर मी गेलो नसतो, असं तू धरून चालली आहेस. तसं नाही.

पहिल्या दिवशी मी प्रश्न विचारले तेव्हा तिने खरं सांगितलं. एकेक प्रश्नाला थांबून, विचार करून. हाक मारली तर कुणी येईल याची खात्री वाटते का, याला तिने चार सांगितले आणि माझ्याकडे बघत राहिली. मी बेरीज केली, एकेचाळीस आले. तेव्हा मी काय केलं ते तुला लिहिलं नव्हतं. मी म्हणालो, "असं कसं? डॉक्टर म्हणतात धोका टळला. उद्या नीट विचार करून सांग." चौतीस वर्षांत एकाही दुकानदाराला काटा कुठे थांबायला हवा ते मी सांगितलं नाही. तिला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सात आले तेव्हा मला त्याच क्षणी कळलं. वीस उत्तरं तिने न अडखळता दिली. ऐंशी किलोचं पोतं सात भरलं तर मी दुकानाला टाळं लावलं असतं. इथे मी कागदाची घडी केली आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मला तिथून पळायचं होतं, बारके. त्या वासातून, त्या स्टुलावरून, तिच्या त्या बघण्यातून. नऊ दिवस काचेबाहेर उभा राहून मी संपलो होतो. बाजाराच्या गावात जाऊन कुणाच्या तरी तागडीवर ओरडावं, रात्री एकट्याने खोलीत झोपावं, एवढंच हवं होतं. तुला जाऊ का म्हणून विचारलं त्याच्या आदल्या दिवशी मी साहेबाला येतो म्हणून कळवलं होतं. तू नको जाऊ लिहिलं असतंस तर मी कुरिअर उशिरा मिळालं म्हणालो असतो.

तेव्हा माफी कुणी कुणाची मागायची? तू माझ्याशी खोटं बोललीस, कारण मी खोटंच मागितलं होतं. तीही त्यासाठीच बोलली. आपल्या दोघांना तिने ओळखलं होतं, आणि आपण तिला नाही ओळखलं, असंही म्हणता येत नाही. ओळखलं होतं. तेच तर आहे.

इथे येऊ नकोस. तू आलीस की मला चांगलं वागावं लागेल. पत्रही काही दिवस लिहू नकोस. पुढे लिहिशील तर कसा आहेस असं विचारू नकोस.

एक तारखेला सकाळी निघताना मी तिला भेटायला गेलो होतो. ती बसली होती, केस विंचरलेले. मी म्हणालो, येतो. तिने माझं मनगट धरलं. नुसतं धरलं. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मान वळवली. मी म्हणालो, सोड, गाडी चुकेल. तिने लगेच सोडलं.

दादा